कॅलिफोर्नियातील कोरिया

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला एक तोंडी परीक्षा द्यावीच लागते. नायगारा पाहिलात का? डिस्नेलँडला गेला होतात का? हॉलिवूडच्या फुटपाथवर नटनट्यांची नावे बसवली आहेत म्हणतात, ती पाहिलीत का? यंदाच्या मे महिन्यात तीन आठवडे लॉस अँजेलिसला राहून मी परतले, तेव्हा आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हीच प्रश्नपत्रिका माझ्यापुढे आली आणि मी सपशेल नापास झाले.

"मग तीन आठवडे पाहिलंत तरी काय?" इतिहासाच्या बाईंनी विचारले.

"एक गंजलेली जीप, एक गंजलेली रुग्णवाहिका आणि चहूकडे वाळलेलं गवत."

बाईंनी माझ्याकडे निरखून पाहिले आणि चहा मागवला. प्रवासाचा शीण अजून उतरलेला नाही, असे त्यांना वाटले असावे.

पण खरोखरच त्या प्रवासातली मनात राहिलेली जागा तीच. आहे ती कॅलिफोर्नियात. पण अकरा वर्षे साऱ्या अमेरिकेने तिला कोरिया मानले. तिथे मी ज्या गृहस्थांबरोबर गेले, त्यांना काय म्हणून हाक मारावी हे मला दोन वर्षे ठरवता आले नव्हते. तेव्हा आधी त्यांच्याविषयी सांगितले पाहिजे.

माझी थोरली बहीण, आमची ताई, सात वर्षांपूर्वी एकटी पडली. भावोजी गेले. मला स्कूटर चालवायला भावोजींनी शिकवले. एम.ए.च्या पहिल्या पेपरला निघाले, तेव्हा हातावर दही-साखर घालायला तेच दारात उभे होते. आमच्या पुण्याच्या घरी बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ वेताची एक खुर्ची आहे. ती भावोजींची खुर्ची. ते असताना आम्ही तिला तसे म्हणत असू आणि ते गेल्यावरही तसेच म्हणत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी ताईने पुन्हा लग्न केले. पुढाकार तिच्या मुलाचाच होता. वर मूळचे कोल्हापूरचे, पेशाने इंजिनिअर, तीस वर्षे लॉस अँजेलिसला स्थायिक. पत्नी वारलेली, मुलगी लग्न होऊन लांबच्या गावी. स्थळात नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हीच माझी मोठी अडचण झाली. नोंदणी विवाहानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे आले आणि सहज खिडकीजवळच्या त्या खुर्चीत बसले. घर एकदम गप्प झाले. आणि मी, वर्गात शब्दांच्या छटा समजावून देणारी बाई, पटकन म्हणून गेले, "ती भावोजींची खुर्ची आहे."

ते उठले. "हो का? बरं, बरं," म्हणून हसले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. त्यानंतर जितक्या वेळा आले तितक्या वेळा त्यांनी आपण होऊन तेच स्टूल ओढून घेतले. मला कोणी रागावले नाही. ताई तर चकार शब्द बोलली नाही. पण ते स्टूल माझ्या मनातून जाईना.

म्हणूनच ताईने यंदा "ये गं, एकदा माझं घर तरी बघ" असे फोनवर म्हटले, तेव्हा मला नाही म्हणवेना.

पोचल्यावर पहिल्याच सकाळी चहा करायला मी स्वयंपाकघरात गेले. फळीवर काचेच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येकीवर मराठीत चिठ्ठी: साखर, चहा, धने, तीळ, शेंगदाणे. अक्षर गोल आणि ठसठशीत. ताईचे अक्षर तसे नाही. बँकेत सह्या करकरून ते पार आडवे झाले आहे. मी ताईकडे पाहिले.

"त्यांच्या पहिल्या बायकोचं," ताई म्हणाली. "बरण्या मी भरते. चिठ्ठ्या तशाच ठेवल्यात." आणि ती आले किसू लागली.

हाक मारण्याचा प्रश्न तिथेही सुटला नाही. 'भावोजी' हा शब्द ओठांपर्यंत येई आणि मागे फिरे. अशा वेळी आपली मराठी फार उपयोगी पडते. 'निघायचं का?', 'चहा टाकायचा का?', 'जेवून घ्यायचं का?' कर्त्याचे नाव न घेता वाक्य कसे बेमालूम पुरे होते! इतकी वर्षे मुलांना व्याकरण शिकवले. त्याचा एवढा रोकडा फायदा मला प्रथमच झाला. ते मात्र मोकळेपणाने मला 'बाई' म्हणत.

रात्री जेवणे झाली की ते दूरदर्शन संचावर एक जुनी मालिका लावत. तिचे नाव 'मॅश'. रणांगणाजवळ तंबू ठोकून चालवायच्या आणि आघाडी हलली की उचलून न्यायच्या फिरत्या लष्करी शस्त्रक्रिया रुग्णालयाचे ते आद्याक्षरी नाव. कोरियाच्या युद्धात १९५० ते १९५३ या काळात अशी रुग्णालये होती. तिथे काम केलेल्या एका शल्यविशारदाने रिचर्ड हूकर या टोपणनावाने १९६८ साली कादंबरी लिहिली, १९७० साली रॉबर्ट ऑल्टमनने तिच्यावर चित्रपट काढला आणि १७ सप्टेंबर १९७२ पासून मालिका सुरू झाली. ती संपली २८ फेब्रुवारी १९८३ रोजी. मूळ युद्ध तीन वर्षांत थांबले, त्याच्यावरची विनोदी मालिका अकरा वर्षे चालली. शेवटचा भाग दहा कोटींहून अधिक लोकांनी पाहिला.

"मी इकडं आलो तेव्हा माझं इंग्रजी सगळं पुस्तकातलं," ते मला सांगत होते. "ऑफिसात सगळे हसले की मीही हसायचो. कशाला हसतोय ते कळायचं नाही. खोलीवर आलो की रात्री ही मालिका परत परत लागायची. हिनं मला हसायला शिकवलं बघा, बाई."

पहिले दोन-तीन दिवस मी पाहुणी म्हणून पाहिले, पुढे आवडीने पाहू लागले. हॉकआय आणि ट्रॅपर हे दोन जिवलग सर्जन एका तंबूत राहतात, तंबूतच दारू गाळतात, लष्करी शिस्तीची टर उडवतात आणि हेलिकॉप्टरचा आवाज आला की सगळे टाकून जखमींकडे धावतात. त्यांचा वरिष्ठ कर्नल हेन्री ब्लेक हा इतका सौम्य माणूस, की कारकुनी करणारा रडार नावाचा पोरगाच त्याला सांभाळून घेतो. हसता हसता एकदम शस्त्रक्रियेच्या टेबलावरचे रक्त समोर येई आणि हातातला बडीशेपेचा चमचा तसाच राही.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, १८ मार्च १९७५ च्या भागात, ब्लेक लष्करातून मुक्त होऊन घरी निघतो. थट्टा, मिठ्या, निरोप. मग शस्त्रक्रिया चालू असताना रडार तोंडाला फडके न बांधता आत येतो आणि तार वाचतो: कर्नलचे विमान जपानच्या समुद्रावर पाडले गेले, कोणी वाचले नाही. लेखक लॅरी गेलबार्ट यांनी हे शेवटचे पान नटमंडळींपासूनही लपवून ठेवले होते आणि चित्रणाच्या तोंडावर हातात दिले. पुढे प्रेक्षकांच्या संतापलेल्या पत्रांचा खच पडला म्हणतात. मलाही त्या रात्री झोप लागली नाही. निरोप घेऊन, हसून निघालेला माणूस वाटेत जातो, हे मी एकदा पाहिले होते. भावोजीही हात हलवूनच जिना उतरले होते.

दुसऱ्या रात्रीच्या भागाची तारीख होती १२ सप्टेंबर १९७५. ट्रॅपरची भूमिका करणारे वेन रॉजर्सही मधल्या सुटीत मालिका सोडून गेले होते. एकाच वेळी दोन जागा रिकाम्या झाल्या. आता लेखक काय करणार? मला वाटले, एखादा दुसरा देखणा नट आणून बसवतील आणि चार विनोद करून पुढे जातील.

तसे केलेले नाही. हॉकआय टोकियोहून रजा संपवून परततो तो ट्रॅपरला घरी जायची परवानगी मिळून तो निघालेलाही असतो. चिठ्ठी नाही, काही नाही. रडारच्या हाती, म्हणजे रडारच्या ओठी, हॉकआयच्या गालासाठी ठेवलेला एक निरोपाचा मुका, तेवढाच. हॉकआय जीप काढून किंपोच्या विमानतळावर धावतो. विमान दहा मिनिटांपूर्वी उडालेले असते. आणि त्याच विमानतळावर, त्याच वेळी, कोऱ्या गणवेशातला एक उंच, भला माणूस उतरतो: बी. जे. हनिकट. ही भूमिका माइक फॅरेल यांची. परतीच्या वाटेवर तो सुरुंग पेरलेले शेत पाहतो, गोळीबारात सापडतो, फाटलेली शरीरे पाहून रस्त्याच्या कडेला ओकतो. तळावर पोचेपर्यंत तो कोरियाचा झालेला असतो.

"मला नाही आवडला हा," मी म्हटले. "ट्रॅपर बरा होता."

"पहिल्यांदा कुणालाच आवडत नाही," ते म्हणाले. "जरा थांबा की."

ताई भरतकाम करीत होती. तिने सुई थांबवली, पण मान वर केली नाही.

शनिवारी ताईनेच बेत काढला. शहराच्या पश्चिमेला कॅलाबॅसस गावापाशी डोंगरांत व्यंकटेश्वराचे देऊळ आहे. १९८१ साली तिथल्या भारतीयांनी ते उभारले. त्याच रस्त्याने थोडे पुढे गेले, की जिथे 'मॅश'चे बाहेरचे बरेचसे चित्रण झाले ते मालिबू क्रीकचे सरकारी उद्यान. "माझा गुडघा काही तेवढं चालू देणार नाही. मी देवळात बसते, तुम्ही दोघं जाऊन या," ती म्हणाली. सगळे कसे सरळ होते! थोरल्या बहिणींचे बेत असेच सरळ असतात.

पांढऱ्याशुभ्र गोपुराखाली, कॅलिफोर्नियाच्या उन्हात, दर्शन घेतले. ताईला ओट्यावर बसवले आणि आम्ही निघालो. उद्यानाच्या दारापासून ती जागा अडीच मैल. कच्चा रस्ता आधी ओढ्याच्या बाजूने जातो, मग एक चढण, मग एक जुना बंधारा आणि त्याचे शेवाळलेले तळे. पुढे वाट अरुंद होऊन खडकांतून जाते. दुतर्फा पुरुषभर उंच रानमोहरी पिवळी होऊन वाळायला लागली होती. मोहरी पाहून मला घरची आठवण झाली. फोडणीपुरती मुठीत मावणारी ती मोहरी इथे जंगल होऊन उभी! ओकच्या झाडांची खोडे मधूनमधून काळी पडलेली. २०१८ च्या नोव्हेंबरातला मोठा वणवा या साऱ्या डोंगरांवरून गेला होता. खालून जळलेल्या त्याच खोडांना वर हिरवी पाने होती.

ही जमीन पूर्वी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपट कंपनीची. १९४१ सालच्या 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली' साठी याच डोंगरांत वेल्समधले खाणकामगारांचे गाव उभे राहिले, १९६८ साली 'प्लॅनेट ऑफ द एप्स'ची माकडे इथेच घोड्यावर बसली आणि नंतर इथे कोरिया आला. १९७४ साली ती कॅलिफोर्निया सरकारने घेतली, तरी मालिकेचे चित्रण चालूच राहिले.

चालता चालता मी त्यांना विचारले (अर्थात कर्ता वगळून), "खऱ्या कोरियात आपलेही डॉक्टर होते, हे माहीत असेलच?" ते थबकले. त्यांना माहीत नव्हते. मग मला बाईपणा करण्याची संधी मिळाली. भारताने त्या युद्धात लढाऊ सैन्य पाठवले नाही. पाठवले ते ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली साडेतीनशेच्या आसपास माणसे १९५० च्या नोव्हेंबरात कोरियात उतरली. १९५१ च्या मार्चमध्ये मुन्सानजवळ अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर या पथकातल्या काहींनी विमानातून उड्या घेतल्या. रंगराजांना महावीरचक्र मिळाले.

"म्हणजे आपली माणसं तिथं होती की!" ते म्हणाले. "आणि तीस वर्षं ही मालिका बघून मला त्याचा पत्ता नाही." मग बराच वेळ ते स्वतःशीच मान हलवीत चालले होते.

शेवटचे वळण घेतले आणि डोंगर एकदम दोन्ही बाजूंना सरले. समोर ते मैदान. मालिकेच्या आरंभी ज्यांच्यावरून हेलिकॉप्टरे येतात, तेच कडे मागे उभे होते. पण तंबू नव्हते, माणसे नव्हती. गुडघाभर गवतात एक जीप आणि एक रुग्णवाहिका, दोन्ही गंजून तांबूस झालेल्या. १९८२ च्या ऑक्टोबरात, शेवटच्या भागाचे काम चालू असताना, इथे वणवा आला आणि तळ जळाला. मंडळींनी तो वणवाच कथेत घेतला. टोकियो, सेऊल, बोस्टन अशी गावांची नावे लिहिलेला तो प्रसिद्ध खांब मात्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात गेला.

आम्ही एका ओंडक्यावर बसलो. ताईने दिलेल्या डब्यात थालीपीठ होते.

"ट्रॅपरची खाट बी. जे.ला मिळाली," ते बोलू लागले, "पण तो ट्रॅपर झाला नाही. ट्रॅपर बायकांच्या मागं असायचा. हा घरी बायको आणि तान्ही पोर ठेवून आलेला, रोज पत्रं लिहिणारा. ब्लेक गबाळा, त्याच्या जागी आला तो कर्नल पॉटर, पहिल्या महायुद्धातला घोडदळवाला, पक्का शिपाई. सगळे घाबरलेले, हा आता कवायत करायला लावणार! पहिल्याच दिवशी शस्त्रक्रिया उरकून तो त्यांच्याच तंबूत येऊन पेला घेऊन बसला. मग फ्रँक बर्न्स गेला. तो सर्जन वाईट आणि माणूस हलका. त्याच्या जागी १९७७ साली आला विंचेस्टर, बोस्टनचा गर्भश्रीमंत. टोकियोत आपल्या कर्नलला पत्त्यांत हरवलं म्हणून शिक्षा होऊन आलेला. गर्विष्ठ खरा, पण सर्जन अव्वल. जुन्यासारखा नवा त्यांनी एकदाही आणला नाही, बाई. आणला असता तर चार दिवसांत उघडा पडला असता."

मी गप्प बसले. हा माणूस मालिकेविषयीच बोलत होता. त्यात टोमणा नव्हता, हे मला स्वच्छ दिसत होते, आणि म्हणूनच ते लागत होते.

"पॉटरचा एक भाग आहे," ते पुढे म्हणाले, "१९८० चा. पहिल्या युद्धातल्या त्याच्या दोस्तांनी एक बाटली जपून ठेवलेली असते. जो शेवटी उरेल त्यानं ती उघडायची. ती बाटली पॉटरकडे येते, म्हणजे बाकी सगळे गेले. दोन दिवस तो कुणाशी धड बोलत नाही. मग या नव्या पोरांना बोलावतो, आधी जुन्या मित्रांच्या नावानं पितो, आणि मग यांच्या नावानं." त्यांनी थालीपिठाचा तुकडा मोडला. "माझी बायको गेली, त्यानंतर मी तो भाग चार वर्षं लावला नव्हता. लग्न झाल्यावर तुमच्या ताईला म्हटलं, हा बघायचा का? तिनं बघितला. आणि दुसऱ्या दिवशी मी बरण्यांवरच्या चिठ्ठ्या काढायला लागलो, तर मला म्हणाली, राहू देत."

त्या क्षणापर्यंत माझ्या हिशेबात नवीन माणूस एकच होता, आणि तो आमच्या घरात आला होता. माझी ताईही कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी अक्षराखाली रोज साखर भरत होती, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तिला त्या घरात कोणी स्टुलावर बसवले नव्हते.

"त्या दिवशी खुर्चीवरून..." मी सुरुवात केली. पुढे व्याकरण साथ देईना.

"अहो, ते काय घेऊन बसलात!" ते हसले. "आमच्या कोल्हापूरच्या घरी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान यायचे. दाजी. तालमीतला गडी. त्यांच्या पाटावर दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही आमची आई. पाट असतो ज्याचा त्याचा."

मग त्यांनी मला बाजूची टेकडी दाखवली. जखमींची हेलिकॉप्टरे तिच्यावर उतरत. शेवटच्या भागात हॉकआय तिथून उडतो. बी. जे.ने अखेरपर्यंत तोंडाने निरोप घेतलेला नसतो. हेलिकॉप्टर वर चढते आणि खाली दिसतात पांढऱ्या दगडांनी मांडलेली मोठी अक्षरे: 'गुडबाय'. एक मित्र चिठ्ठीशिवाय गेला होता. त्याच्या जागी आलेल्याने डोंगरभर चिठ्ठी लिहून ठेवली.

ऊन चढले होते. परतीच्या चढणीवर त्यांना धाप लागली आणि ते ओकच्या सावलीत थांबले. पाण्याची बाटली माझ्या पिशवीत होती. मी ती पुढे केली.

"दाजी, पाणी घ्या."

भावोजी नव्हे. तो शब्द दिलेला होता, तो परत घेता येत नव्हता. पण 'दाजी' हा शब्द आमच्या पुण्याच्या घरात कधी कोणाला दिलेला नव्हता. तो कोरा होता आणि त्यांच्याच गावचा होता. त्यांनी बाटली घेतली, तोंड लावले नाही, क्षणभर तशीच हातात धरली. मग वरून पाणी प्यायले. "चला बाई," ते म्हणाले. "तुमची ताई वाट बघत असंल."

ताई देवळाच्या ओट्यावर प्रसादाचा द्रोण राखून बसली होती. "काय, कसा होता कोरिया?" तिने विचारले.

"दाजींना विचार," मी म्हटले.

ताईने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले. पदराने चष्मा पुसला. मग प्रसादाचे दोन सारखे भाग केले आणि आम्हां दोघांच्या हातांवर ठेवले.

दोघे या दिवाळीला पुण्याला येत आहेत. खिडकीजवळची वेताची खुर्ची होती तिथेच आहे. गेल्या आठवड्यात मी तशीच दुसरी शोधायला बाजारात गेले होते. तशी मिळाली नाही. मग लाकडी, रुंद हातांची, कोल्हापुरी गड्याला पुरेल अशी एक घेतली आणि खिडकीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. स्टूल आता स्वयंपाकघरात आहे. माळ्यावरचे फराळाचे डबे काढायला त्याचा फार उपयोग होतो.